उत्तराची पारख : भास्कराचार्यांचे जीवन आणि कार्य



विद्वानांची चरित्रे आपण या पानांवर नेहमीच आस्थेने वाचत आला आहात. त्या चरित्रांतून बगदाद, बुखारा, कुर्तुबा, निशापूर अशी दूरदूरची शहरे आपल्या परिचयाची झाली आहेत. आज ज्या विद्वानाची ओळख आपणांस करून द्यावयाची आहे, तो मात्र आपल्याच सह्याद्रीच्या कुशीतला आहे. भास्कराचार्य हे त्यांचे नाव. ते आपल्या धर्माचे नव्हते. परंतु इल्मची जी सनद एका हातातून दुसऱ्या हाती सोपविली जाते, तीत त्यांचे नाव आपल्या पूर्वजांनी आदराने लिहून ठेवले आहे. त्यांच्या दोन ग्रंथांना फारसीचा पोशाख चढविणारे दोघेही मुस्लिम विद्वान होते, आणि त्यांपैकी एकाच्या हातची इमारत आजही मराठवाड्यात उभी आहे. तो वृत्तांत यथावकाश येईलच.

या चरित्राची आज आठवण व्हावी, याला कारण आहे. आमच्या शांती नगरातील सेक्टरांमधून संध्याकाळी क्लासला जाणारी मुले-मुली आपण पाहता. दहावीच्या गणितात त्यांना वर्गसमीकरणे असतात. पुढे अभियांत्रिकीकडे वळलेल्यांच्या हाती मॅक्झिमा, सिम्पाय, मेपल, मॅथेमॅटिका अशी संगणकीय साधने येतात. ही साधने केवळ आकडेमोड करीत नाहीत. क्ष, य अशा अक्षरांनिशी बीजगणित करतात. त्यांना समीकरण द्यावे आणि क्षणार्धात सर्व उत्तरांचा संच हाती घ्यावा. कधी त्या संचात दोन उत्तरे असतात, कधी अगणित, कधी एकही नाही. प्रश्न पुढेच उभा राहतो. या संचाचे करावयाचे काय? त्यातले कोणते उत्तर स्वीकारावे, कोणते नाकारावे आणि नाकारावे तर कोणत्या कारणाने? सुमारे पावणेनऊशे वर्षांपूर्वी भास्कराचार्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना नेमके हेच शिकविले होते.

जन्म, कुळ आणि काळ

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४ मध्ये झाला. हे वर्ष त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथात नमूद केले आहे. काळाचा अंदाज यावा म्हणून सांगतो. इमाम गझाली यांचे निधन इ.स. ११११ मध्ये झाले, म्हणजे भास्कराचार्यांच्या जन्माआधी अवघी तीन वर्षे. घनसमीकरणांवर ग्रंथ लिहिणारे उमर खय्याम इ.स. ११३१ मध्ये निशापूर येथे वारले, तेव्हा भास्कराचार्य सतरा वर्षांचे होते. एकाच युगात, परस्परांना न पाहता, सह्याद्री आणि खोरासान येथे समीकरणांचा विचार चालू होता.

आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले विज्जडविड आहे, असे त्यांनी लिहिले आहे. हे गाव म्हणजे आजचे कोणते, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु त्यांच्या घराण्याचा सर्वांत भक्कम पुरावा जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळच्या पाटण या गावी मिळतो. मुंबईहून भुसावळकडे जाणारी रेल्वे ज्या चाळीसगावात थांबते, तेच हे चाळीसगाव. तेथून नैर्ऋत्येस डोंगरांच्या पायथ्याशी पाटण आहे. तेथील शिलालेखात या कुळाची पिढ्यान्‌पिढ्यांची नावे कोरलेली आहेत. भास्कराचार्यांचे वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू होते. बापाने मुलाला शिकविले, त्या मुलाने आपल्या मुलाला शिकविले, अशी ती विद्येची मिरास होती.

छत्तिसाव्या वर्षीचा ग्रंथ

इ.स. ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, भास्कराचार्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' हा ग्रंथ पूर्ण केला. त्याचे चार भाग आहेत : लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. लीलावतीत अंकगणित व भूमिती, बीजगणितात अज्ञात संख्यांची समीकरणे आणि उरलेल्या दोहोंत आकाशातील ग्रहांची गती व गोलाचे ज्ञान आहे. पृथ्वी कोणत्याही आधारावर टेकलेली नाही, हे सांगताना त्यांनी साधा तर्क दिला : आधार मानला तर त्या आधारालाही दुसरा आधार हवा, मग त्यालाही तिसरा. कोठेतरी थांबून स्वतःच्या शक्तीने टिकणारे काही मानावेच लागणार असेल, तर ते पृथ्वीपाशीच का मानू नये?

त्यांच्या स्वभावातील एक गुण येथे लक्षात घ्यावा. आपल्या आधीच्या आचार्यांचे ऋण ते नावानिशी सांगतात. ब्रह्मगुप्त, श्रीधर, पद्मनाभ यांचे बीजगणित फार विस्तृत असल्याने विद्यार्थ्यांसाठी आपण त्यातील सार काढले, असे ते नमूद करतात. वर्गसमीकरण सोडविण्याची जी रीत आज आमची मुले सूत्र म्हणून पाठ करतात, ती श्रीधराचार्यांची असल्याचे भास्कराचार्य स्पष्ट सांगतात. श्रीधरांचा बीजगणितावरील ग्रंथ काळाच्या ओघात नष्ट झाला. त्यांची ही रीत जगाला कळली ती भास्कराचार्यांनी त्यांचे नाव घेतले म्हणून. मदरशात सनदेचे महत्त्व शिकलेल्या माणसाला ही गोष्ट विशेष भावते. एका प्रामाणिक उल्लेखाने एका विद्वानाची मेहनत वाचली.

अज्ञात संख्येला ते 'यावत्-तावत्' म्हणत आणि तिचे आद्याक्षर 'या' लिहीत. दुसरी अज्ञात संख्या आली तर 'कालक', तिसरी आली तर 'नीलक', मग 'पीतक', अशी रंगांची नावे. ऋण संख्येवर ते टिंब देत. आज संगणकाला समीकरण देताना आधी कोणते अक्षर अज्ञात आहे ते जाहीर करावे लागते. भास्कराचार्यांचीही पहिली पायरी हीच होती. पण ते एक गोष्ट पुनःपुन्हा बजावतात : ही अक्षरे केवळ साहाय्यक आहेत, खरे बीज म्हणजे बुद्धी.

पन्नास माकडे की पाच?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. वाचकहो, कागद-पेन्सिल घ्यावी आणि मुलांना जवळ बसवावे, म्हणजे पुढचा भाग अधिक रुचेल.

बीजगणितात भास्कराचार्यांनी माकडांचे एक कोडे घातले आहे. ते आपल्या शब्दांत असे सांगता येईल. माकडांचा एक कळप आहे. त्या कळपाचा पाचवा हिस्सा घ्या, त्यातून तीन वजा करा आणि जे उरेल त्याचा वर्ग करा. तितकी माकडे गुहेत शिरली. एक माकड बाहेर फांदीवर दिसते आहे. तर कळपात एकूण माकडे किती?

कळप क्ष मानला आणि समीकरण मांडून सोडविले, तर क्षचा वर्ग, वजा ५५ क्ष, अधिक २५०, बरोबर शून्य, असे रूप येते. सिम्पायला हे समीकरण दिले तर उत्तर येते : ५ आणि ५०.

आधी ५० घेऊन पाहू. पाचवा हिस्सा १०, त्यातून ३ गेले, उरले ७. सातचा वर्ग ४९. गुहेत ४९, फांदीवर १, एकूण ५०. हिशेब जुळला. आता ५ घेऊ. पाचवा हिस्सा १, त्यातून ३ गेले तर उणे २. उणे दोनचा वर्ग ४. गुहेत ४, फांदीवर १, एकूण ५. हिशेब हाही जुळला! समीकरणाच्या दृष्टीने दोन्ही उत्तरे सारखीच खरी आहेत.

भास्कराचार्यांनी दोन्ही उत्तरे काढली, दोन्ही विद्यार्थ्यांसमोर ठेवली आणि मग ५ हे उत्तर अमान्य केले. त्याचे कारणही दिले : येथे एका माकडातून तीन माकडे वजा करावी लागतात, ती संख्या ऋण होते आणि उणे माकडे ही गोष्ट लोकांच्या प्रत्ययाला येत नाही. वर्ग केल्याबरोबर उणे दोन अदृश्य झाले आणि त्या जागी सज्जनासारखे ४ येऊन बसले. समीकरणाला हा बदल दिसत नाही. कोडे वाचणाऱ्याला तो दिसला पाहिजे.

येथे एक बारकावा आहे. आमची मुले शिकलेली असतात, की उत्तर ऋण आले तर टाकून द्यावे. परंतु येथे ५ ही संख्या ऋण नाही, अपूर्णांकही नाही. संगणकाला बजावले, की मला केवळ धन पूर्णांक हवेत, तरी तो ५ आणि ५० हे दोन्ही परत देईल. कारण त्याने काहीही चूक केलेली नाही. खरी अट दुसरीकडेच दडलेली आहे. कळपाच्या पाचव्या हिश्श्यातून तीन माकडे काढता आली पाहिजेत, म्हणजे कळप किमान पंधराचा हवा. ही अट समीकरणात कोठेच लिहिलेली नाही, ती कोड्याच्या वाक्यात आहे. वाक्य समजून ती अट ज्याने स्वतः लिहून दिली, त्यालाच संगणक केवळ ५० परत करील.

म्हणून उत्तर नाकारण्याचे दोन निराळे प्रकार ओळखून ठेवावेत. पहिला प्रकार असा. एका संख्येचे वर्गमूळ काढून त्यात ६ मिळविले तर तीच संख्या परत मिळते, ती कोणती? दोन्ही बाजूंचा वर्ग करून सोडविले तर ९ आणि ४ अशी दोन उत्तरे येतात. नऊचे वर्गमूळ ३, त्यात ६ मिळविले की ९, हे बरोबर. चारचे वर्गमूळ २, त्यात ६ मिळविले की ८. हे चार नव्हे. येथे ४ हे उत्तर मुळातच खोटे आहे. वर्ग करण्याच्या कृतीत ते आगंतुकासारखे आत घुसले. मूळ समीकरणात घालून पाहिले, की ते पकडले जाते आणि चांगली साधने पुष्कळदा हे स्वतःच तपासतात. दुसरा प्रकार माकडांचा. तेथे ५ हे उत्तर समीकरणात घालून पाहिले तरी पकडले जात नाही. त्याला पकडण्यासाठी समीकरणामागची हकीकत माहीत असावी लागते.

कोणी म्हणेल, मग नियम सोपा आहे. दोन उत्तरे आली तर मोठे ठेवावे, लहान टाकावे. भास्कराचार्यांनी ही पळवाटही बंद केली आहे. त्यांचे माकडांचेच आणखी एक कोडे आहे. कळपाच्या आठव्या हिश्श्याचा वर्ग केला, तितकी माकडे वनात बागडत आहेत आणि उरलेली १२ टेकडीवर किलबिल करीत आहेत. एकूण किती? येथे उत्तरे येतात ४८ आणि १६. अठ्ठेचाळीसचा आठवा हिस्सा ६, त्याचा वर्ग ३६, त्यात १२ मिळविले की ४८. सोळाचा आठवा हिस्सा २, त्याचा वर्ग ४, त्यात १२ मिळविले की १६. कोठेही ऋण संख्या आली नाही, कोठेही माकडाचे तुकडे पडले नाहीत. म्हणून भास्कराचार्यांनी येथे दोन्ही उत्तरे स्वीकारली. सकारण नाकारणारा हा विद्वान कारण नसताना नाकारीत नाही.

वाचकहो, हदीसशास्त्राशी ज्यांचा थोडासाही परिचय आहे, त्यांना ही शिस्त ओळखीची वाटेल. रावीवर ठपका ठेवणाऱ्याने त्याचे कारण सांगावे, हा मुहद्दिसांचा सर्वसाधारण दंडक आहे. मला पटत नाही, एवढ्यावर कोणाची रिवायत टाकून दिली जात नाही आणि ऐकायला गोड आहे, एवढ्यावर स्वीकारलीही जात नाही. दोन्ही विद्यांचे विषय भिन्न; पण कारणाविना स्वीकार नाही आणि कारणाविना नकार नाही, हा बाणा एकच.

अगणित उत्तरे आणि एकही नाही

सर्वच समीकरणांना दोन उत्तरे असतात असे नाही. लीलावतीतील कुट्टक प्रकरणात भास्कराचार्य विचारतात : अशी कोणती संख्या, जिला १०० ने गुणून त्यात ९० मिळविले तर बेरजेला ६३ ने निःशेष भाग जातो? सर्वांत लहान उत्तर १८. अठराशे आणि नव्वद मिळून १८९०, त्याला ६३ ने भागले की ३०. पण हे एकमेव उत्तर नव्हे. अठरात ६३ मिळविले तर ८१ येतात, तेही चालतात. आणखी ६३ मिळविले तर १४४, तेही चालतात. ही रांग कधी संपतच नाही.

जी रांग संपत नाही ती लिहावयाची कशी? भास्कराचार्यांनी सांगितले, की आपल्या इच्छेची कोणतीही संख्या घ्यावी, तिला 'इष्ट' म्हणावे, ६३ ला इष्टाने गुणावे आणि १८ मध्ये मिळवावे. एका ओळीत अगणित उत्तरे सामावली. आजचे संगणकीय साधन असा प्रश्न सोडविते, तेव्हा तेही हेच करते. उत्तरात एक मोकळे अक्षर घालून देते आणि त्या अक्षराच्या जागी कोणताही पूर्णांक ठेवा असे सुचविते. प्रथमच असे उत्तर पाहणारा विद्यार्थी गोंधळतो. मी विचारले क्ष, हे तिसरे अक्षर कोठून आले? त्याला सांगावे, की ते भास्कराचार्यांचे इष्ट आहे. प्रश्नाला एकच एक उत्तर हवे असेल, तर इष्ट ठरविण्याचे काम प्रश्न विचारणाऱ्याचे आहे.

काही समीकरणांना उत्तरच नसते. भास्कराचार्य सांगतात, की धन संख्येला दोन वर्गमुळे असतात, एक धन आणि एक ऋण. परंतु ऋण संख्येला वर्गमूळ नाही, कारण ती कोणाचाच वर्ग नाही. एखाद्या संख्येच्या वर्गात ४ मिळविले आणि शून्य आले, अशी संख्या त्यांच्या मते नाहीच. पुढे काही शतकांनी युरोपातील गणितींनी संमिश्र संख्यांचे नवे दालन उघडले आणि तेथे या समीकरणालाही दोन उत्तरे मिळाली. म्हणून आज सिम्पायला हा प्रश्न विचारताना, उत्तर कोणत्या संख्यांत शोधावे, हे सांगावे लागते. वास्तव संख्यांत शोधा म्हटले तर तो रिक्त संच देतो. संमिश्र संख्यांत शोधा म्हटले तर दोन उत्तरे देतो. दोन्ही बरोबर. उत्तर नाही, या वाक्याला कोठे हा प्रश्न जोडल्याशिवाय अर्थ येत नाही.

सिम्पायची एक रीत तर मुलांना आवर्जून दाखविण्यासारखी आहे. त्यातील 'सॉल्व्हसेट' हे साधन उत्तरे संचाच्या रूपात देते. एखादे समीकरण त्याला सोडविता आले नाही, तर ते रिक्त संच देत नाही. ज्या ज्या संख्या हे समीकरण पूर्ण करतात त्यांचा संच, असे म्हणून आपलाच प्रश्न ते अदबीने आपल्याकडे परत करते. उत्तर अस्तित्वात नाही आणि मला ते सापडले नाही, या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. हा फरक न पाळल्यामुळे माणसांच्या व्यवहारात किती निष्पाप लोकांवर आरोप होतात आणि किती खऱ्या गोष्टी खोट्या ठरतात, हे आपण जाणताच.

चक्रवाल : धीराची परीक्षा

भास्कराचार्यांची सर्वांत प्रसिद्ध कामगिरी म्हणजे चक्रवाल पद्धत. प्रश्न दिसायला साधा आहे. एका पूर्णांकाच्या वर्गाला ६१ ने गुणा, त्यात १ मिळवा. आलेली संख्याही पूर्ण वर्ग असली पाहिजे. शून्य घेतले तर काम होते, पण ते सोडून सर्वांत लहान संख्या कोणती? एक, दोन, तीन असे तपासत जाणाऱ्याचे आयुष्य संपेल, कारण ती संख्या २२,६१,५३,९८० आहे आणि तिच्यापासून मिळणारा वर्ग १,७६,६३,१९,०४९ चा आहे. भास्कराचार्यांनी हे उत्तर काही मोजक्या पायऱ्यांत काढले. हाती आलेल्या अपुऱ्या उत्तरालाच पुन्हा चाकावर चढवून ते अधिकाधिक जवळ नेत जाणे, हे त्या पद्धतीचे मर्म. म्हणूनच तिला चक्रवाल हे नाव. एक उत्तर मिळाले, की ब्रह्मगुप्तांच्या भावना-रीतीने त्यातून आणखी उत्तरे निघतात आणि ती अगणित असतात.

पाचशे वर्षांनी, इ.स. १६५७ मध्ये, फ्रान्समधील गणिती फर्मा यांनी ६१ चाच प्रश्न युरोपातील विद्वानांपुढे आव्हान म्हणून ठेवला. त्यांना भास्कराचार्यांची वार्ता नव्हती.

एवढ्या मोठ्या बुद्धीच्या माणसाचेही सर्वच म्हणणे टिकले असे मात्र नाही. एखाद्या संख्येला शून्याने गुणून पुन्हा शून्यानेच भागले, तर मूळ संख्या परत मिळते, असा नियम त्यांनी दिला होता. आजचे गणित तो मान्य करीत नाही. शून्याने भागणे यालाच ते अर्थ देत नाही. भास्कराचार्यांचा मोठेपणा याने उणावत नाही. ज्यांनी आपल्याला पारख शिकविली, त्यांच्या वचनांनाही तीच पारख लावणे हा त्यांचा अनादर नव्हे.

आपल्या पूर्वजांच्या हाती

आता फारसीच्या पोशाखाची हकीकत. बादशहा अकबराच्या आज्ञेवरून, अबुल फजलचे ज्येष्ठ बंधू आणि दरबारी कवी अबुल फैज फैजी यांनी इ.स. १५८७ मध्ये लीलावतीचे फारसी भाषांतर केले. भास्कराचार्यांची कन्या लीलावती, तिच्या विवाहाची घटिका मोजणारे पात्र, त्यात पडलेला मोती आणि चुकलेला मुहूर्त ही सर्वतोमुखी झालेली कथा फैजीच्या प्रस्तावनेतूनच प्रसिद्धीस आली. भास्कराचार्यांच्या स्वतःच्या ग्रंथांत ती नाही. कथा गोड आहे, पण तिची सनद तेथवरच पोहोचते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. हेच फैजी इ.स. १५९१ मध्ये अकबराचे वकील म्हणून खानदेश आणि अहमदनगरच्या दरबारांत आले होते. ज्या खानदेशात पाटण आहे, त्याच खानदेशात लीलावतीचा भाषांतरकार येऊन गेला.

बीजगणिताचे भाषांतर पुढच्या शतकात झाले. ताजमहालाचे मुख्य शिल्पकार मानले जाणारे उस्ताद अहमद लाहोरी यांचे पुत्र अताउल्लाह रशीदी यांनी हिजरी १०४४, म्हणजे इ.स. १६३४-३५ मध्ये बीजगणित फारसीत आणले आणि बादशहा शाहजहान यांना अर्पण केले. औरंगाबादचा (आजच्या छत्रपती संभाजीनगरचा) बीबी का मकबरा आपणांपैकी अनेकांनी पाहिला असेल. दिलरस बानू बेगम यांच्या त्या मकबऱ्याच्या मुख्य दरवाजावर शिल्पकार म्हणून अताउल्लाह यांचे आणि त्यांच्यासोबत हंसपत राय यांचे नाव आहे. पुढल्या वेळी तेथे मुलांना न्याल तेव्हा त्यांना घुमट-मिनार दाखवाच. पण हेही सांगा, की ही इमारत रचणाऱ्याने माकडांचे ते कोडे फारसीत लिहिले होते. त्यांच्या या फारसी ग्रंथावरूनच एडवर्ड स्ट्रॅची यांनी इ.स. १८१३ मध्ये बीजगणित इंग्रजीत नेले. संस्कृतातून थेट इंग्रजीत आणणारे कोलब्रुक यांचे भाषांतर त्यानंतर, इ.स. १८१७ मध्ये निघाले.

अताउल्लाह यांना या विषयाची गोडी वाटावी यात नवल नाही. समीकरणशास्त्राला 'अल-जब्र' हे नाव ज्यांच्या ग्रंथावरून मिळाले, ते मुहम्मद बिन मूसा अल-ख्वारिज्मी खलीफा मामून यांच्या काळात बगदादेत होऊन गेले. एका समीकरणाला दोन उत्तरे असू शकतात, तर काहींना एकही नसते, हे त्यांनीही दाखविले होते. ज्या संख्येच्या वर्गात २१ मिळविले असता तिची दहापट मिळते, अशी संख्या ३ ही आहे आणि ७ ही आहे, हे त्यांचे प्रसिद्ध उदाहरण. त्यांच्या ग्रंथाचा मोठा भाग वसीयत आणि वारसा यांच्या हिशेबांनी व्यापला आहे. वारशाच्या वाटणीत तर उत्तर चुकले की कोणा यतिमाचा किंवा बहिणीचा हक्क बुडतो. तेथे कागदावरचा हिशेब जुळणे पुरेसे नाही. त्या आकड्यामागे कोण उभे आहे, हे पाहावे लागते.

उत्तरायुष्य आणि वारसा

भास्कराचार्यांची लेखणी वृद्धपणीही थांबली नाही. ग्रहांची गणिते सोपी करून सांगणारा 'करणकुतूहल' हा ग्रंथ इ.स. ११८३ चा, म्हणजे त्यांच्या वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षीचा आहे. त्यांचे पुत्र लक्ष्मीधर यांना यादव राजा जैत्रपालाने विद्वान म्हणून आपल्या दरबारी नेले. नातू चांगदेव हे सिंघण यादवांचे दरबारी ज्योतिषी झाले. या नातवाने आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून पाटण येथे मठ स्थापन केला. इ.स. १२०७ च्या त्या शिलालेखात मठाला दिलेल्या देणग्यांची नोंद आहे आणि लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. आपल्याकडे मदरशांसाठी वक्फ करतात, तशीच ही योजना होती. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा शिलालेख उजेडात आणला. म्हणजे ज्या मराठीत आपण हे मासिक वाचतो, तिच्या अगदी आरंभीच्या लेखांपैकी एक लेख गणित शिकविणाऱ्या संस्थेविषयीचा आहे.

वाचकहो, आपल्या घरातील मूल मोबाइलवर समीकरण घालून उत्तर मिळविते, याबद्दल त्याला रागावू नये. भास्कराचार्यांच्या हाती असे साधन असते, तर त्यांनीही ते वापरले असते. मुलाला एवढेच विचारावे, की सगळी उत्तरे आली का? ती कोणत्या संख्यांत शोधली? त्यांतले एक टाकले असेल तर का टाकले, आणि दोन्ही ठेवली असतील तर कोणत्या आधारावर? परीक्षेत या एका वाक्याला कदाचित एकच गुण असेल. पुढे हेच मूल कारखान्यात यंत्राची मापे ठरविणार आहे, दवाखान्यात औषधाची मात्रा काढणार आहे, भावंडांत वारसा वाटणार आहे. त्या ठिकाणी संगणक ५ आणि ५० हे दोन्ही आकडे सारख्याच शांतपणे पुढे ठेवील. त्यांपैकी एक उचलण्याची अमानत त्या मुलावर असेल.

अल्लाह आपल्या मुलांना उपयुक्त इल्म आणि खऱ्या-खोट्याची पारख देवो. आमीन.